दोषाचे स्थलांतर : अकिलीस, कर्ण आणि मराठी कर्णकथा

१

आर्ष महाकाव्यातील नायकाचा विचार करताना मराठी समीक्षा सामान्यतः दोन परिभाषांचा आधार घेत आली आहे. पहिली परिभाषा संस्कृत नाट्यशास्त्राची. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार तिने कल्पिले, आणि दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’सारख्या ग्रंथात या प्रकारांना साजेशा गुणांची नोंद झाली. दुसरी परिभाषा अ‍ॅरिस्टॉटलची. त्याच्या काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणातील ‘हॅमार्शिया’ ही संज्ञा मराठी अभ्यासकांच्या हाती प्रथम इंग्रजी ग्रंथांतून आणि पुढे गो. वि. करंदीकर यांच्या ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) या पुस्तकातून आली. सांताक्रूझच्या विद्यानगरीतील असो वा अन्य विद्यापीठातील, मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी या दोन्ही परिभाषा शेजारी शेजारी शिकतो. आणि त्या लावून पाहण्यासाठी एखादे उदाहरण हवे असले की पुष्कळदा त्याच्यापुढे कर्ण येतो.

कर्ण मात्र या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. दातृत्वाने तो धीरोदात्त ठरतो, तर आत्मप्रौढी व मत्सर यांमुळे धीरोद्धताच्या रांगेत जातो. ‘हॅमार्शिया’ची चौकट लावली तर त्याचा प्रमाद नेमका कोणता, या प्रश्नाचे एक उत्तर मिळत नाही. दुर्योधनाशी केलेले सख्य, कवचकुंडलांचे दान, द्रौपदीविषयी काढलेले शब्द, परशुरामाशी बोललेले असत्य असे अनेक पर्याय पुढे येतात. मराठीतील कर्णविषयक ललित लेखनाने यांपैकी कोणताच पर्याय पूर्णपणे स्वीकारला नाही. त्याने निराळाच मार्ग पत्करला. दोष नायकाच्या स्वभावातून काढून त्याच्या जन्मकथेत, त्याच्या भोवतीच्या समाजात आणि नियतीत नेऊन ठेवला. या प्रक्रियेला दोषाचे स्थलांतर म्हणता येईल. ही प्रक्रिया केव्हा सुरू झाली, तिला कोणत्या संहितेचा आधार मिळाला आणि तिच्यामुळे कर्णाच्या व्यक्तिरेखेतील काय हरवले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ग्रीक महाकाव्यातील अकिलीसची तुलना उपयुक्त ठरते, कारण स्थलांतराची हीच प्रक्रिया त्याच्याही वाट्याला आली आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करावयास हवा. ‘हॅमार्शिया’ या शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. ‘इलियड’मध्ये फेकलेला भाला लक्ष्यावर न लागता बाजूने निघून जातो, तेव्हा होमर ज्या क्रियापदाचा वापर करतो, त्याच क्रियापदाशी हे नाम संबद्ध आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ही संज्ञा शोकात्मिकेच्या संदर्भात वापरली. नायक अत्यंत सद्गुणी नसावा, दुर्जनही नसावा. त्याचा अधःपात दुष्टपणामुळे न होता एखाद्या प्रमादामुळे व्हावा, अशी त्याची भूमिका होती. या प्रमादाला ‘स्वभावदोष’ हा नैतिक अर्थ प्रामुख्याने पुढच्या काळाने दिला. ए. सी. ब्रॅडली यांच्या ‘शेक्सपिरियन ट्रॅजेडी’ (१९०४) या व्याख्यानसंग्रहाच्या प्रभावाने इंग्रजीच्या अध्यापनात ‘शोकात्म दोष’ ही कल्पना रुजली, आणि इंग्रजी साहित्य शिकलेल्या मराठी समीक्षकांच्या पिढ्यांनी ती मराठीत आणली. नायक म्हणजे गुणांची रास आणि त्या राशीत दडलेला एक दोष, असे काहीसे यांत्रिक चित्र त्यातून तयार झाले.

‘इलियड’मधील अकिलीस या चित्राला सरळ छेद देतो. त्याचा क्रोध हाच काव्याचा विषय असल्याचे होमर आरंभीच सांगतो. हा क्रोध कोठून येतो? अ‍ॅगमेम्नॉनने त्याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस हिरावून नेली. पण अकिलीसला झालेली जखम मुख्यतः मानभंगाची आहे. नवव्या सर्गात ओडिसियस, फीनिक्स आणि अ‍ॅजॅक्स त्याची मनधरणी करण्यासाठी येतात. अ‍ॅगमेम्नॉनने देऊ केलेल्या भेटींची लांबलचक यादी त्याच्यापुढे ठेवली जाते. अ‍ॅजॅक्सचे म्हणणे आपल्याला पटते, असे अकिलीस स्वतःच कबूल करतो. तरीही अ‍ॅगमेम्नॉनने आपल्याला सर्वांदेखत एखाद्या मानहीन उपऱ्यासारखे वागवले, हे आठवले की आपले अंतःकरण संतापाने भरून येते, असे तो सांगतो. त्याच सर्गात तो आपल्यापुढील दोन दैवांचाही उल्लेख करतो : येथे राहून लढलो तर अल्पायुष्य व अक्षय कीर्ती, आणि घरी परतलो तर दीर्घायुष्य व कीर्तिलोप.

अकिलीसला अल्पायुष्य पत्करण्याचे बळ देणारी जी मानाची असोशी आहे, तीच त्याला भेटी नाकारून तंबूत बसवते. या असोशीला पहिल्या ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी दोष म्हणणे ही वाचकाची सोय आहे. तिच्यामुळे ग्रीक सैनिक मरतात, पॅट्रोक्लस मरतो, हेक्टरच्या प्रेताची विटंबना होते, आणि पॅट्रोक्लसच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा वध केला जातो. अठराव्या सर्गात अकिलीस आपल्या मातेजवळ, थेटिसजवळ, कलह आणि क्रोध यांचा जगातून नाश होवो असे म्हणतो. चोविसाव्या सर्गात तो वृद्ध प्रायमबरोबर रडतो आणि हेक्टरचे प्रेत परत देतो. होमरने कोठेही त्याचे समर्थन केलेले नाही आणि त्याला दोषी ठरवून दूरही लोटलेले नाही. सामर्थ्य आणि दोष ही एकाच स्वभावाची दोन फलिते आहेत, आणि त्या दोन्हींचा भार नायकाने स्वतः वाहावयाचा आहे, ही ‘इलियड’ची दृष्टी आहे.

आता लोकमानसातील अकिलीस पाहावा. तो प्रसिद्ध आहे टाचेसाठी. मराठीतही ‘अकिलीसची टाच’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. ‘इलियड’मध्ये मात्र या टाचेची कथा नाही. एवढेच नव्हे, तर तेथील अकिलीस अभेद्यही नाही. एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टेरोपायसच्या भाल्याने त्याच्या हातातून रक्त निघते. मातेने बालकाला स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केल्याची कथा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्टेशियस या लॅटिन कवीच्या ‘अकिलीड’मध्ये येते. होमरच्या आणि या कवीच्या काळात कित्येक शतकांचे अंतर आहे. या अंतरात दोष स्वभावातून निघून शरीराच्या एका भागात गेला. टाचेला क्रोध येत नाही आणि तिला कोणाची मनधरणी नाकारताही येत नाही. टाचेमुळे नायक मरतो, पण त्याला कशाचाही जाब द्यावा लागत नाही.

३

महाभारतातील कर्ण आणि ‘इलियड’मधील अकिलीस यांच्यातील साम्य पुष्कळदा वरवरच्या तपशिलांत शोधले जाते. दिव्य जन्म, दिव्य कवच, अकाली मृत्यू हे ते तपशील. अधिक अर्थपूर्ण साम्य दोन प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग आरण्यकपर्वातील कुंडलाहरणाचा. इंद्र ब्राह्मणवेषाने कवचकुंडले मागावयास येणार असल्याची सूचना सूर्य कर्णाला स्वप्नात देतो आणि ती न देण्याविषयी विनवतो. कर्ण उत्तर देतो की आपल्याला जीवितापेक्षा कीर्ती प्रिय आहे. नवव्या सर्गातील अकिलीसपुढे जी निवड उभी आहे, तीच ही निवड आहे. दुसरा प्रसंग उद्योगपर्वाच्या अखेरीचा. रथी-अतिरथींची गणना करताना भीष्म कर्णाला अर्धरथी म्हणतात, आणि भीष्म जिवंत असेपर्यंत आपण युद्ध करणार नाही, असे कर्ण जाहीर करतो. मानभंग झालेला श्रेष्ठ योद्धा ऐन युद्धाच्या तोंडावर बाजूला होतो आणि त्याची किंमत त्याच्याच पक्षाला मोजावी लागते; हा ‘इलियड’चा मूळ कथासूत्रबंध येथे जसाच्या तसा उभा राहिला आहे. कौरवसेना पहिले दहा दिवस कर्णावाचून लढली. ज्या मित्रासाठी त्याने पुढे प्राण दिले, त्याच मित्राला त्याने आपल्या मानापायी दहा दिवस आपल्या बाणांपासून वंचित ठेवले. मानी स्वभाव हा कर्णाचा गुण मानणाऱ्याने हा हिशेबही मांडावयास हवा.

महाभारताने हा हिशेब अनेक ठिकाणी मांडला आहे. कुंडलाहरणाच्या प्रसंगात कर्ण दान करतो, पण सूर्याच्या सल्ल्याप्रमाणे त्याच्या बदल्यात इंद्राकडे अमोघ शक्ती मागतो. दानाचे तेज त्यामुळे नाहीसे होत नाही. मात्र कीर्तीची इच्छा आणि विजयाची इच्छा या दोन्ही त्या दानात मिसळलेल्या असल्याचे व्यास लपवीत नाहीत. घोषयात्रेत गंधर्वांशी झालेल्या संग्रामातून कर्ण माघार घेतो आणि दुर्योधन बंदी होतो. त्याची सुटका पांडव करतात. विराटपर्वात अर्जुन त्याला पराभूत करतो. कर्णपर्वात सर्पमुख बाण सोडण्यापूर्वी शल्य त्याला पुन्हा नेम धरावयास सांगतो, तेव्हा कर्ण दोनदा नेम धरीत नसतो, असे तो अभिमानाने उत्तर देतो. कृष्ण रथ खाली दाबतो आणि बाण अर्जुनाच्या मस्तकाऐवजी किरीटावर जातो. नेम चुकणे या मूळ अर्थाने पाहिले तर प्राचीन काव्यातील ‘हॅमार्शिया’चे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल. येथेही चूक आणि अभिमान ही एकाच ठिकाणी आहेत. दोनदा नेम न धरणारा धनुर्धर म्हणूनच तर त्याची कीर्ती आहे.

सर्वांत कठीण प्रसंग अर्थात सभापर्वातील. विकर्ण द्रौपदीची बाजू घेऊन उभा राहतो. त्याला दटावतो कर्ण. पाच पती असलेल्या स्त्रीला कुलस्त्री मानता येत नाही असा युक्तिवाद करून पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. याच पर्वात थोड्या वेळाने, द्रौपदीने वर मागून पतींना दास्यातून सोडवल्यावर, बुडणाऱ्या पांडवांना पैलतीरी नेणारी ती नौका झाली, असे आश्चर्योद्गारही कर्णाच्याच तोंडी आहेत. त्या शब्दांत पांडवांना डिवचण्याचा हेतू असला, तरी सामर्थ्य ओळखण्याची दृष्टी कर्णाजवळ आहे हे त्यांतून दिसते. ती असूनही तो आधी जे बोलायचे ते बोलला आहे. व्यासांनी ही दोन वाक्ये एकाच सभेत, एकाच माणसाच्या तोंडी ठेवली. त्यांच्यामध्ये कोणतेही मानसशास्त्रीय स्पष्टीकरण घातले नाही.

४

ही विसंगती पुढच्या काळाला सहन झाली नाही. तिचे परिमार्जन करण्याचे प्रयत्न मराठीच्या कितीतरी आधी सुरू झाले. भासाच्या नावावर असलेले ‘कर्णभार’ हे एकांकी संस्कृत नाटक याचा स्पष्ट पुरावा आहे. टी. गणपतिशास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्रिवेंद्रम येथून प्रकाशात आणलेल्या तेरा नाटकांपैकी हे एक. नाटककाराने कवचकुंडलांच्या दानाचा प्रसंग वनवासकाळातून उचलून थेट रणभूमीच्या वाटेवर आणला आहे. त्याहून महत्त्वाचा बदल देवघेवीच्या संदर्भात आहे. येथील कर्ण काहीही मागत नाही. इंद्र मागाहून दूताबरोबर शक्ती पाठवतो, आणि दिलेल्या दानाचा मोबदला घ्यावयाचा नाही म्हणून कर्ण ती नाकारू पाहतो. ब्राह्मणाच्या शब्दाचा मान राखण्यासाठी मग तो ती स्वीकारतो. आरण्यकपर्वातील व्यवहाराचा अंश असा पुसला गेला. नायक अधिक शुद्ध झाला, आणि शुद्ध झाल्यामुळे त्याचा अंत अधिक करुण झाला.

दुसरे परिमार्जन महाभारताच्या संहितेतच झाले. द्रौपदीस्वयंवरात कर्ण धनुष्य सज्ज करतो आणि द्रौपदी सूताला वरणार नसल्याचे सांगते, हा प्रसंग मराठी वाचकाच्या मनात इतका पक्का आहे की त्यावाचून कर्णकथेची कल्पनाच त्याला करवत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली, त्यांच्यामागून श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. सुकथनकरांनी स्वतः संपादिलेल्या आदिपर्वाच्या स्वीकृत पाठात द्रौपदीचा हा नकार नाही. तो काही हस्तलिखितांतील प्रक्षेप म्हणून पाठभेदांत गेला आहे. स्वीकृत पाठात उलट, ब्राह्मणवेषातील अर्जुन उठल्यावर इतर ब्राह्मण जी चर्चा करतात, तीत कर्ण-शल्यांसारख्या विख्यात राजांनाही जे धनुष्य वाकवता आले नाही असा उल्लेख येतो. म्हणजे स्वयंवरात कर्णाचा अपमान झाला नाही. इतरांप्रमाणे तोही अयशस्वी झाला.

या पाठनिर्णयाचे वाङ्मयीन परिणाम फार मोठे आहेत. स्वयंवरातील नकार काढून टाकला की सभापर्वातील कर्णाच्या शब्दांमागचे सर्वांत सोयीचे कारण नाहीसे होते. तो सूड घेत होता, असे म्हणता येत नाही. प्रक्षेपकाराने हा प्रसंग कोणत्या हेतूने रचला हे आता कळावयाचे नाही; परंतु त्याचा परिणाम अकिलीसच्या टाचेसारखाच आहे. दोषाची जागा बदलली. सभेतील कर्णाचे वर्तन त्याचे न राहता द्रौपदीच्या शब्दाची प्रतिक्रिया बनले, आणि अपराधाच्या साखळीतील पहिली कडी म्हणून एक स्त्री उभी राहिली.

५

मराठी परंपरेत अठराव्या शतकापर्यंतचा कर्ण आख्यानकवितेतून आणि कीर्तनातून आलेला आहे. मोरोपंतांच्या ‘आर्याभारता’तील कर्णपर्व हे त्याचे ठळक उदाहरण. पंतांची दृष्टी कृष्णभक्ताची आहे. रथचक्र भूमीने गिळल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो, आणि द्यूतसभेत द्रौपदीला आणले तेव्हा हा धर्म कोठे होता, असा प्रतिप्रश्न कृष्ण करतो. या प्रसंगाचा निवाडा भक्तिकाव्याच्या श्रोत्याला आधीच ठाऊक असतो. कर्णाच्या शौर्याला तेथे दाद मिळते, त्याच्या दातृत्वाचे पोवाडेही गायिले जातात, पण त्याच्या बाजूने फिर्याद मांडावी असे तेथे कोणाला वाटत नाही.

ती फिर्याद स्वातंत्र्योत्तर काळात मांडली गेली. वि. वा. शिरवाडकरांचे ‘कौन्तेय’ हे नाटक १९५३ चे, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. वीस वर्षांच्या अवधीत तीन प्रमुख लेखकांनी याच नायकाकडे वळावे, याची कारणे काळात शोधावी लागतात. १९५० च्या संविधानाने जन्माधिष्ठित उच्चनीचता नाकारली होती. शिक्षणाचा प्रसार होऊन नवा वाचकवर्ग पुढे आला होता, आणि गुण असूनही जन्मामुळे डावलले जाण्याचा अनुभव त्यातील अनेकांच्या गाठीशी होता. या वाचकाला आर्ष महाकाव्यात स्वतःचे रूप पाहावयाचे होते. कर्णाने ती गरज भागवली. ‘राधेय’च्या प्रास्ताविकात देसाई वाचकाला या कर्णाची सत्यता महाभारतापेक्षा स्वतःच्या मनात शोधावयास सुचवितात, हे या दृष्टीने अत्यंत बोलके आहे.

‘मृत्युंजय’चे रचनातंत्र या प्रक्रियेला विशेष पोषक ठरले. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांच्या आत्मनिवेदनांतून ही कादंबरी उभी राहते. आत्मनिवेदनात पात्र स्वतःच स्वतःचा वकील होते. महाकाव्यातील कर्ण कृती करतो आणि ती आपण बाहेरून पाहतो. येथील कर्ण कृतीआधी आपली वेदना सांगतो, आणि कृती आपल्यापर्यंत येते तेव्हा ती क्षम्य होऊन आलेली असते. त्याला सर्वाधिक प्रेम करणारे निवेदक भोवती असल्याने विरोधी साक्ष जवळजवळ उरत नाही. द्रौपदीला या निवेदकांत स्थान नाही, ही बाब केवळ तांत्रिक मानता येणार नाही. सभापर्वातील प्रसंगाची सर्वांत महत्त्वाची साक्षीदारच साक्षीच्या पिंजऱ्याबाहेर राहिली आहे. कादंबरीच्या विलक्षण लोकप्रियतेत भाषेच्या अलंकरणाइतकाच या दृष्टिकोनाचाही वाटा आहे.

या लेखनाची बाजू न्याय्य रीतीने मांडावयाची तर एक गोष्ट मान्य करावी लागते. जन्मावरून होणाऱ्या अवहेलनेचा प्रश्न या लेखकांनी महाभारतावर लादलेला नाही. रंगभूमीवर कृपाचार्य कुल विचारतात. घामाने डबडबलेला अधिरथ येतो आणि नुकताच अभिषेक झालेले मस्तक कर्ण त्याच्या पायांवर ठेवतो. भीम त्याला चाबूक हाती घेण्यास सांगतो. हे सर्व आदिपर्वात आहे. व्यासांना ही अवहेलना दिसली होती. मराठी लेखकांनी तिला स्वर दिला, हे त्यांचे श्रेय.

परंतु तो स्वर देताना एक अंतर्विरोध निर्माण झाला, आणि तो सामाजिक दृष्टीनेही विचारार्ह आहे. कर्णावर अन्याय झाला, कारण तो वस्तुतः क्षत्रिय होता, राजकन्येचा आणि सूर्याचा पुत्र होता, अशी या कथेची भावनिक मांडणी आहे. वाचकाची हळहळ ओळख न पटल्याबद्दलची आहे. कुंतीने वेळेवर सत्य सांगितले असते तर सगळे सुरळीत झाले असते, हा तिचा गर्भितार्थ. मग खऱ्याखुऱ्या सूतपुत्राचे काय? ज्याच्या जन्माचे कोणतेही गुपित नाही, ज्याच्यासाठी कोणतेही आकाशस्थ पितृत्व नाही, त्या एकलव्याचा प्रश्न या मांडणीत बसत नाही. जन्माधिष्ठित व्यवस्थेवर ठेवलेला दोषही अशा रीतीने तेथे टिकत नाही; तो कुंतीच्या एका चुकीवर येऊन थांबतो. दोषाचे स्थलांतर येथे दुसऱ्यांदा घडते, आणि पुन्हा एका स्त्रीकडे.

६

‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले, आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नुकत्याच पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीची बैठक या पुस्तकाला आहे. कर्णावरील लेखाचे ‘मी कोण?’ हे शीर्षकच बाईंची दिशा स्पष्ट करते. आपले स्थान कोणते, या प्रश्नाने ग्रासलेला माणूस प्रत्येक कृतीतून ते स्थान सिद्ध करावयास निघतो आणि त्यामुळे औदार्यातही अतिरेक करतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. अवहेलना त्यांनी नाकारली नाही. अवहेलनेने माणसाचे काय केले ते पाहिले. ही दोन वाचने जवळजवळ एकाच वेळी मराठीत आली, आणि वाचकप्रियतेचा कौल निःसंशय कादंबरीकडे गेला. समीक्षेनेही बहुधा या दोहोंची कक्षा वेगळी मानून त्यांच्यातील वादाला हात घातला नाही. एक ललितकृती, दुसरे मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीचे चिंतन, अशी वाटणी करून प्रश्न मिटवला गेला.

तो प्रश्न मिटण्यासारखा नाही, हे उद्योगपर्वातील कृष्ण-कर्णसंवाद वाचताना ध्यानात येते. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन नगराबाहेर जातो आणि त्याच्या जन्माचे सत्य सांगतो. ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य त्याचे होईल, पाचही भाऊ त्याचे पाय धरतील, असे आश्वासन देतो. लोकप्रिय कर्णकथेच्या तर्काप्रमाणे येथे कर्णाच्या सर्व दुःखांवर इलाज मिळालेला आहे. ओळख पटली आहे, जन्माचा कलंक पुसला आहे. कर्ण तो इलाज नाकारतो. राधेच्या स्तनांत आपल्यासाठी दूध आले, अधिरथाने आपले संस्कार केले, सूतकुळातील स्त्रियांशी आपले विवाह लावून दिले, त्यांतून पुत्र-पौत्र झाले. हे नाते पृथ्वीच्या राज्यासाठी मोडता येणार नाही, असे तो सांगतो. मग येणाऱ्या युद्धाचे वर्णन तो एका महायज्ञाच्या रूपकातून करतो, ज्यात आपल्या पक्षाचा विनाश त्याला स्वच्छ दिसत आहे. युधिष्ठिराला हे कळू देऊ नये, अशी विनंती करतो, कारण कळले तर तो राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू. आणि याच भाषणात दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण जे कटु शब्द बोललो, त्या कृत्याचा आज पश्चात्ताप होत असल्याचेही तो सांगतो.

या शेवटच्या कबुलीकडे मराठी कर्णकथेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. कर्ण येथे स्वयंवराचा उल्लेख करीत नाही, कृपाचार्यांचा किंवा भीमाचा दाखला देत नाही. मित्राला खूश करण्यासाठी मी बोललो, असे तो म्हणतो. दोष स्वतःचा म्हणून उचलतो. ज्या लेखकांनी पुढे त्याची वकिली केली, त्यांच्यापेक्षा तो स्वतःबद्दल अधिक कठोर आणि अधिक प्रांजळ आहे. अठराव्या सर्गातील अकिलीसप्रमाणेच त्यालाही आपल्या वर्तनाचे आकलन झाले आहे. आणि त्याच्याप्रमाणेच आकलनानंतरही तो ठरलेल्या मार्गाने जातो. पण आता तो मार्ग अजाणतेपणाचा राहिलेला नाही.

सूतपुत्र हे आतापर्यंत त्याच्यावर लादलेले नाव होते. या क्षणी, क्षत्रियत्व हातात आलेले असताना, तो ते निवडतो. जन्माच्या श्रेष्ठत्वाला महाभारतात दिलेले इतके थेट उत्तर दुसरे नसेल. ‘कौन्तेय’ आणि ‘राधेय’ ही दोन शीर्षके या निवडीच्या दोन बाजूंना उभी आहेत, आणि देसाईंनी निवडलेले नाव कर्णाच्या स्वतःच्या उत्तराशी जुळणारे आहे. मात्र ही निवड अर्थपूर्ण ठरण्यासाठी निवडणारा माणूस आपल्या कृतींचा कर्ता असावा लागतो. सभेत तो केवळ अपमानाचे बाहुले होता, असे मानले तर कृष्णासमोरही तो कोणाचे तरी बाहुलेच ठरेल. कृतज्ञतेचे, नियतीचे किंवा शापाचे. दोष काढून घेतला की त्याबरोबर कर्तृत्वही निघून जाते. अपराधाचा धनी नसलेला कर्ण त्यागाचाही धनी राहत नाही.

७

अकिलीसच्या कथेत आकलनाला प्रायमच्या भेटीत पूर्तता मिळते. शत्रूच्या पित्यात त्याला आपला पिता पेलेउस दिसतो, आणि क्रोध ओसरतो. कर्णाला अशी भेट लाभत नाही. शरशय्येवरील भीष्मांशी त्याचा समेट होतो, तो तेवढाच. त्याच्या संदर्भातील ओळख त्याच्या मृत्यूनंतर, स्त्रीपर्वात, मृतांना उदक देण्याच्या वेळी कुंतीच्या तोंडून होते. आणि शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर सांगतो की द्यूतसभेत कर्णाची कठोर वचने ऐकून संताप येई, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की तो शमत असे, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. ज्या सभेत कर्णाने सर्वांत मोठा अपराध केला, त्याच सभेत व्यासांनी त्याच्या बंधुत्वाची खूण ठेवली आहे. अपराध पुसून ती खूण दाखवता आली नसती. युधिष्ठिराला एकाच वेळी ते शब्दही ऐकू येतात आणि ते पायही दिसतात.

आर्ष महाकाव्याच्या नायकाकडे पाहण्याची हीच दृष्टी आहे, आणि मराठीतील कर्णविषयक चर्चेला तिचा आधार घ्यावा लागेल. १९५३ ते १९७३ या काळातील कर्णकथेने मराठी वाचकाला जन्माच्या अवहेलनेविषयी संवेदनक्षम केले. हे कार्य लहान नाही. पण त्या संवेदनेसाठी दिलेली किंमतही मोजली पाहिजे. ती किंमत द्रौपदीने आणि कुंतीने दिली, आणि उद्योगपर्वात स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या कर्णानेही दिली. चिकित्सक आवृत्तीचा पाठ उपलब्ध होऊन आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. स्वयंवरातील नकाराविना, टाचेविना, शापांची ढाल न धरता कर्णाची व्यक्तिरेखा नव्याने वाचण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.